मधमाश्यांना कोणी सांगितलं?

हेस्टर गॉलप सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या दारानं बाहेर आली, आणि परसाच्या टोकाला असलेल्या आपल्या तिन्ही मधपेट्यांना काळ्या फिती बांधलेल्या बघून जागीच थबकली. हातातलं टोपलं कलंडलं. कोंबड्यांनी त्यात आपला फायदा करून घेतला.

ती जवळ गेली. प्रत्येक पेटीभोवती फीत गुंडाळून पुढं नीट गाठ मारलेली होती, आणि माश्यांच्या दाराशी असलेल्या फळीवर केकचा एकेक तुकडा ठेवलेला होता. म्हणजे कोणीतरी पहाटे कुंपण ओलांडून आलं होतं आणि तिच्या माश्यांना सांगून गेलं होतं की या घरातलं माणूस मेलं.

हेझलकॉम्ब गावात ज्याच्या घरी माश्या त्याला हे शिकवावं लागत नाही. घरात जे घडेल ते माश्यांना सांगायचं. घराची किल्ली घ्यायची, पेटीवर तीनदा ठकठक करायचं आणि काय ते सरळ बोलायचं. मरण असेल तर काळी फीत आणि मर्तिकाच्या केकचा तुकडा. लग्न असेल तर नवरीच्या कपड्याची पट्टी आणि लग्नाचा केक. लपवाछपवी केली की माश्या रुसतात, पेटी सोडून जातात, नाहीतर आतच मरून पडतात. आणि माश्यांशी खोटं तर कधीच बोलायचं नाही. नवरा गेला तेव्हा हेस्टरनं डोळे पुसायच्या आधी किल्ली उचलली होती.

नेडबद्दल मात्र तिनं माश्यांना अवाक्षरही सांगितलं नव्हतं. सांगणार काय? सिंगापूर पडलं तेव्हा तिचा मुलगा तिथं होता. त्यानंतर सरकारनं एकच शब्द कळवला, ‘बेपत्ता’, आणि त्या शब्दावर ती चार वर्षं काढत होती. गेल्या ऑगस्टमध्ये लढाई संपली. जपान्यांच्या छावण्यांतून सुटलेली पोरं हाडांचे सापळे होऊन का होईना, पण घरोघर परतली. नेड आला नाही, त्याची काही खबरही आली नाही. गावानं मनातल्या मनात त्याचं काय ते ठरवून टाकलं. नोव्हेंबरात चर्चमध्ये लढाईत गेलेल्यांची नावं वाचताना पाद्रीबुवांनी नेडचंही नाव वाचलं, तेव्हा हेस्टर भर प्रार्थनेत उठली, टाचा आपटत बाहेर पडली, आणि तेव्हापासून तिनं चर्चची पायरी चढली नव्हती. रविवारी घंटा वाजू लागली की ती स्वयंपाकघरातली सगळी भांडी घासायला काढायची. आवाज शेजारच्या तीन घरांना जाईल अशा बेतानं.

आणि आता हे. तिच्या मुलाला त्याच्याच माश्यांसमोर कोणीतरी परस्पर पुरून टाकलं होतं.

तिनं फिती ओरबाडून काढल्या आणि अ‍ॅप्रनच्या खिशात कोंबल्या. मग केकचा एक तुकडा उचलला, त्यावरच्या मुंग्या झटकल्या आणि डोळे मिटून जिभेवर ठेवला. राग कितीही आला तरी हेस्टर गॉलप ही केक करणारी बाई होती.

लोणी. खरं लोणी. अंडी, आणि तीही कोंबडीची. डब्यातली ती पिवळी पूड नव्हे. बेदाणे सढळ हातानं घातलेले. आणि शेवटी, जिभेच्या मागच्या बाजूला, ब्रँडीचा चटका.

हेस्टरनं डोळे उघडले. रेशनचं आठवड्याचं लोणी काडेपेटीत मावत होतं आणि अंडं मिळालं तर एक मिळत होतं. हेझलकॉम्बमध्ये एक वेळ खून पचला असता, पण असा केक पचणं शक्य नव्हतं. केक कोणी केला ते कळलं की फीत कोणी बांधली तेही कळणार होतं. तिनं तुकडा रुमालात बांधला, डोक्यावर टोपी चढवली आणि निघाली. चष्मा खणातच राहिला. तो कायम खणातच असायचा, कारण चष्मा लावला की माणूस म्हातारं होतं अशी तिची पक्की समजूत होती.

फ्लॉरी बगचं दुकान म्हणजे गावाचं वाणसामान, पोस्ट आणि वर्तमानपत्र, तिन्ही एका छताखाली. फ्लॉरी बोलायला लागली की श्वास कधी घेते हे कोणाला कळलं नव्हतं.

“बेदाणे आहेत का गं?” हेस्टरनं विचारलं.

“बेदाणे? कुठले बेदाणे? मार्चपासून मी बेदाण्याचं तोंड बघितलं नाही.”

हेस्टरनं रुमाल काउंटरवर सोडला. “मग हे काय माशीनं घातलंय?”

फ्लॉरीनं केककडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे, मेणबत्त्यांच्या खोक्याकडे पाहिलं. “छान दिसतोय. कोणी दिला?”

“माझ्या पेट्यांवर ठेवलेला सापडला. वर काळ्या फिती बांधून.”

आता मात्र फ्लॉरीचा चेहरा पांढरा पडला. “काळ्या? पेट्यांना? अगं बाई! छे छे, असं कसं होईल? असं कोण करेल?”

हेस्टरनं ते मनात टिपून ठेवलं. केक बघून फ्लॉरी दचकली नव्हती. फितीचं ऐकून दचकली होती. म्हणजे केकचं हिला ठाऊक होतं आणि काळ्याचं नव्हतं.

“मेव्हिसला यातलं काही सांगू नकोस,” हेस्टर म्हणाली. “पोरीच्या जिवाला घोर लागेल.”

“नाही नाही, मेव्हिसला? मी कशाला सांगू?” फ्लॉरीची मान जरा जास्तच जोरात हलली.

मेव्हिस डनिंग दुकानाच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायची. लढाईत शेतावर राबायला म्हणून शहरांतून मुली पाठवल्या गेल्या, त्यांतली ही एक, हल बंदरातली. गायीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं इथपासून तिची सुरुवात झाली होती. नेडनं तिला ते दाखवलं आणि जाण्यापूर्वी तिच्या बोटात आजीची अंगठी घातली. मागून हलवर बाँब पडले तेव्हा तिची आई, बाप आणि राहती गल्ली एकदमच गेली. तेव्हापासून दर गुरुवारी ती हेस्टरकडे यायची, माश्या बघायची, भांडायची, चहा प्यायची. गेला महिनाभर मात्र तिला कधी सर्दी होती, कधी कुरणात काम होतं.

हेस्टर पुढं निघाली. गावात लोणी दोनच घरी असू शकत होतं आणि अंडी चार घरी. ती सगळीकडे गेली. गिफर्डबाईंनी दार उघडलं, केक पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, “नीट फुगला का?” मग त्यांनी जीभ चावली. “म्हणजे कुठला केक म्हणताय तुम्ही?”

“तुम्ही कुठला म्हणताय?”

“आम्ही लोणी दिलं ते शाळेतल्या मुलांसाठी.”

शेजारच्या घरी अंडी चर्चच्या बाजारासाठी गेलेली होती. त्याच्या पलीकडच्या म्हाताऱ्यानं ब्रँडी दिली होती ती म्हणे गाय आजारी होती म्हणून. गाय दाराशीच उभी राहून रवंथ करत होती, ठणठणीत. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं तर न खाणारेही खाकरत होते. गावात सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी होती आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. हेस्टरला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की तिला राग यायचा. म्हणजे हे एका माणसाचं काम नव्हतं. सगळ्या गावानं मिळून नेडचं मर्तिक घातलं होतं, घरटी एकेक अंडं काढून, आणि त्याच्या आईला तेवढं वगळून.

तिला सगळ्यांना एकदमच काय ते सुनवायचं होतं. शुक्रवारी दुपारी बायका गावाच्या हॉलमध्ये जमतात, म्हणून ती तिकडं वळली. आत चारपाच जणी कपबश्या मांडत होत्या. फ्लॉरीही दुकान बंद करून आधीच पोचलेली होती. हेस्टरला बघताच कपबश्यांचा आवाज थांबला.

हेस्टरनं तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. समोर रंगमंच होता. त्याला दोन्ही बाजूंनी मखमली पडदा असायचा. राज्याभिषेकाच्या वर्षी गावानं वर्गणी काढून घेतलेला, आणि वर्गणी मागायला दारोदार हिंडली होती ती हेस्टरच. आज डाव्या बाजूला पडदा होता आणि उजव्या बाजूला नुसता दांडा.

“पडदा कुठं गेला?”

“कसर लागली,” फ्लॉरी म्हणाली.

“अख्ख्या पडद्याला?”

“फार मोठी कसर होती गं.”

हेस्टरनं खिशातून फीत काढली, खिडकीपाशी नेली आणि नाकाला लागेल इतकी जवळ धरली. तिथं ऊन होतं. फीत मऊ होती, लव असलेली, एका बाजूनं हात फिरवला तर चमकणारी आणि दुसऱ्या बाजूनं फिरवला तर विझणारी. कडा शिंप्याच्या कात्रीनं सरळ कापलेली होती. आणि फीत काळी नव्हतीच. निळी होती. गडद, रात्रीसारखी, पण निळी, डाव्या बाजूला लटकणाऱ्या पडद्यासारखीच.

सकाळच्या धूसर उजेडात, चष्म्याशिवाय, तिनं निळ्याला काळं म्हटलं होतं.

ती तिथल्याच खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. निळ्या मखमलीनं कोणाचं मर्तिक होत नाही. नेडला कोणी मारलं नव्हतं! हे लग्नाचं होतं. कापडही रेशनवर, म्हणून नवरीचा पोशाख पडद्याचा. नवरीच्या कपड्याची पट्टी आणि लग्नाचा केक. पण माश्यांना सांगायचं ते त्या घरातलं लग्न. तिच्या घरात लग्नाचं होतं कोण? नेड. एकटा नेडच.

हेस्टर उभी राहिली. पोरगा आला असेल. लपून बसला असेल कुठंतरी. लहानपणी वाढदिवसाला पिंपात लपायचा तसा. मेव्हिस येत नव्हती ती म्हणूनच. गाव तोंड लपवत होतं ते म्हणूनच. आईला चकित करायचं म्हणून!

“हेस्टर, थांब, ऐक तरी,” फ्लॉरी म्हणाली, पण हेस्टर दाराबाहेर पडलेली होती. लग्न कोणाचंही असो, ते पाद्रीबुवांना ठाऊक असणारच. साठीच्या घरातली ती बाई चढावर चक्क पळत गेली.

पाद्री हॉलीओक वाटाण्याच्या वाफ्यात काठ्या रोवत होते. उंच, किडकिडीत, भला माणूस. खोटं बोलता येत नसल्यामुळे अडचणीच्या वेळी घसा साफ करायचा. हेस्टरला फाटकातून येताना पाहून त्यांनी आधीच घसा साफ केला.

“लग्न कोणाचंय?” हेस्टरला धाप लागली होती. “सांगा, पाद्रीसाहेब. मला कळलंय सगळं. कोणाचंय?”

“मिसेस गॉलप, मी दोन रविवार झाले ते चर्चमध्ये मोठ्यानं वाचतोय. नियमच आहे तसा. तीन रविवार वाचायचं, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणायचं. सगळ्यांनी ऐकलंय.”

“मी नव्हते.”

“नाही,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही नव्हता.”

“नाव सांगा.”

“मेव्हिस डनिंग. आणि विल्फ्रेड स्टिकलंड.”

विल्फ. गाडीची चाकं दुरुस्त करणाऱ्या स्टिकलंडचा मुलगा, इटलीहून एक पाय आखडून घेऊन आलेला. गेल्या थंडीत न बोलावता येऊन तिच्या छपरावरची कौलं बसवून गेलेला.

वाटाण्याच्या वेली वाऱ्यानं हलत होत्या. हेस्टरला एकदम थकवा आला. ज्या गोष्टीचा शोध घेत ती दिवसभर वणवणत होती, ती गोष्ट भर चर्चमध्ये दोनदा ओरडून सांगितलेली होती. ते गुपित नव्हतंच. गुपित होतं ते फक्त तिच्यापुरतं.

“मिसेस गॉलप,” पाद्रीबुवा म्हणाले, “नोव्हेंबरात मी तुम्हाला न विचारता नेडचं नाव वाचलं. माझं चुकलं. हे मी सहा महिन्यांपूर्वीच तुमच्या दारी येऊन म्हणायला हवं होतं, पण भांड्यांचा आवाज ऐकला की माझी हिंमत व्हायची नाही.”

हेस्टरनं मान हलवली. भांडायची ताकद तिच्यात नव्हती.

दुकानामागच्या जिन्यानं ती माडीवर गेली. दार उघडंच होतं. मेव्हिस खिडकीत बसून मांडीवरच्या निळ्या मखमलीला टाके घालत होती. हेस्टरला बघून तिनं ते लपवायला म्हणून उचललं आणि मग तसंच खाली ठेवलं.

हेस्टरनं फीत तिच्यासमोर पलंगावर टाकली. “मला वाटलं काळी आहे.”

मेव्हिसला समजायला क्षणभर लागला. मग तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. “नाही हो! नाही, हेस्टरमावशी! असं कसं वाटलं तुम्हाला? ही निळी आहे, बघा ना. मी तसं कधी... तुम्ही सकाळपासून हे डोक्यात घेऊन हिंडताय?”

“गावभर.”

“देवा रे.” ती रडायला लागली. “आज पहाटे मी तुमच्याच दाराशी आले होते. सांगायचं ठरवूनच आले होते. कडीला हात लावला, परत फिरले. पुन्हा गेले, पुन्हा फिरले. मग माश्यांकडं गेले. तुम्हीच शिकवलंत ना, त्यांच्यापासून काही लपवायचं नाही? त्यांना सांगायला सोपं गेलं.”

“आणि गावाला?”

“गावाला मीच म्हटलं, मला सांगू द्या, तुम्ही कोणी बोलू नका. महिनाभर सगळे थांबलेत माझ्यासाठी. केक तर फ्लॉरीबाईंनी आधी एक छोटा करून बघितला, मोठा बिघडायला नको म्हणून. त्यातलाच तो.”

“बेदाणे जास्त झालेत,” हेस्टर म्हणाली. “आणि नेड?”

मेव्हिसनं गळ्यातली साखळी वर काढली. तिच्यात अंगठी होती. “चार वर्षं मी वाट बघितली, मावशी. मनापासून बघितली. मग एक दिवस लक्षात आलं, की मी रस्त्याकडं बघतेय ती नुसती सवयीनं. त्या दिवशी मी फार रडले. विल्फनं काही म्हणायच्या कितीतरी आधी.” तिनं साखळी गळ्यातून काढून पुढं धरली. “तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्नाला उभी राहणार नाही. विल्फला तसं सांगून ठेवलंय.”

“मग तो शहाणा काय म्हणाला?”

“म्हणाला, बरोबर आहे. म्हणाला, आधी त्यांना विचार. रोज विचारतो, विचारलंस का.”

“मला कशाला विचारायचं?” हेस्टरचा आवाज चढला. “मी तुझी कोण लागते?”

मेव्हिसनं डोळे पुसले. “हलमध्ये माझं कोणी उरलं नाही. माझं म्हणून विचारावं असं दुसरं कोणी नाहीच मला. तुम्ही कोण लागता ते तुम्ही ठरवा.”

हेस्टरनं अंगठी घेतली नाही. ती जिना उतरून गेली. खाली काउंटरमागं उभ्या असलेल्या फ्लॉरी बगनं आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून शब्द काढला नाही.

शनिवारी दिवसभर हेस्टर घरात चिडचिड करत फिरली. बटाटे करपवले, मांजराला ओरडली. तिला त्या पोरीचा राग येत होता, आणि राग धरून ठेवायला सारखं काहीतरी आठवावं लागत होतं, ते जमत नव्हतं. संध्याकाळी ऊन परसात तिरपं आलं तेव्हा तिनं दाराची किल्ली काढून घेतली आणि पेट्यांकडे गेली. माश्यांना मेव्हिसनं अर्धवट बातमी दिली होती, ती सुधारून सांगायला हवी होती. पोरगी लग्न करतेय ते करू दे, पण या घरातलं कोणी गेलेलं नाही, हे त्यांना ठणकावून सांगायचं असं तिनं ठरवलं होतं.

तिनं पेटीवर तीनदा किल्ली वाजवली. आतली गुणगुण जराशी वाढली.

“ऐका गं बायांनो,” ती म्हणाली. “नेड...”

पुढचा शब्द येईना. तिनं घसा खाकरला, पाद्रीबुवांसारखा. “आपला नेड जि...”

जीभ उचललीच नाही. फ्लॉरीशी ती हे बोलली होती, पाद्रीबुवांशी बोलली होती, सरकारी माणसाला दारातून हाकलताना बोलली होती. पण इथं, या फळीसमोर, आयुष्यात ती एकदाही खोटं बोललेली नव्हती. चार वर्षं आपण माश्यांना काहीच का सांगितलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. मेला म्हणायचं नव्हतं म्हणून नव्हे. जिवंत आहे असं म्हणता आलं नसतं म्हणून.

ती गवतात बसली. माश्या तिच्या टोपीवरून घरी परतत राहिल्या, पायांना पिवळा पराग लागलेला. मग तिनं गुडघ्यावर उठून पुन्हा किल्ली वाजवली आणि सरळ सांगितलं. “नेड गेला. लांब, परक्या मुलखात गेला. कधी गेला, कसा गेला, मला माहीत नाही. माझा पोरगा गेला गं.” आणि ती रडली, मोठ्यानं, कोणाची पर्वा न करता, चार वर्षांचं एकदम. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीला तिनं तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी आवाज जरा कमी कापला.

रविवारी घंटा झाली तेव्हा हेझलकॉम्बमध्ये भांडी वाजली नाहीत. लोकांनी चर्चमध्ये माना वळवल्या त्या त्यामुळेच. दारातून हेस्टर गॉलप आत आली, काळा कोट, काळी टोपी, आणि नाकावर चष्मा. ती आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसली. पलीकडच्या रांगेत मेव्हिस होती. तिच्या शेजारी विल्फ, आखडलेला पाय वाटेत पसरून. दोघांनाही दरदरून घाम फुटला असावा.

“मी मेव्हिस डनिंग आणि विल्फ्रेड स्टिकलंड, दोघंही याच गावचे, यांच्या विवाहाची घोषणा करतो. ही तिसरी आणि शेवटची वेळ. हा विवाह होऊ नये असं काही कारण कोणाला ठाऊक असेल, तर त्यानं ते आता सांगावं.”

दर वेळी इथं ते श्वास घेण्यापुरते थांबायचे. आज जरा जास्तच थांबले.

हेस्टर उभी राहिली.

“हरकत आहे,” ती म्हणाली.

फ्लॉरी बगच्या हातून प्रार्थनेचं पुस्तक पडलं. विल्फनं डोळे मिटले. मेव्हिस पांढरीफटक पडली, पण तिनं हेस्टरवरची नजर काढली नाही.

“काय... काय कारण आहे, मिसेस गॉलप?”

“ही पोरगी येत्या शनिवारी लग्नाला कुठून निघणार चर्चला?” हेस्टरनं विचारलं. “फ्लॉरीच्या दुकानातून? रॉकेलच्या डब्यांतून आणि खारवलेल्या माशांतून वाट काढत? त्या निळ्या मखमलीत? नवरी कशी घरातून निघते. जिला घर नाही तिचं लग्न लावायला माझी हरकत आहे.”

“पण त्या कारणासाठी कायद्यानं...”

“मग कायदा चुकलाय. माझं बोलणं संपलेलं नाही, पाद्रीसाहेब.” तिनं बाकाची कड धरली. आवाज फुटला, तो तिनं तसाच पुढं ढकलला. “माझा नेड आता येत नाही. हे मी म्हणतेय. लढाईत गेलेल्यांच्या दगडावर त्याचं नाव घालायचंय ते घाला, पूर्ण घाला. ही त्याची बायको म्हणून माझ्या घरात यायची होती. सून म्हणून येणं हिच्या नशिबात नव्हतं, तर लेक म्हणून माझ्या दारातून निघेल. हे कबूल असेल तर माझी हरकत नाही. नसेल, तर मी इथून हलणार नाही आणि तुम्हाला कोणाला जेवायला जाऊ देणार नाही.”

सगळे मेव्हिसकडे बघत होते. तिनं रुमालात तोंड लपवून जोरजोरात मान हलवली.

“तिला कबूल आहे,” विल्फ म्हणाला.

“तुला कोणी विचारलं?” हेस्टरनं त्याला चष्म्यावरून दटावलं, आणि ती बाकावर जरा आत सरकून बसली.

मेव्हिस उठली, विल्फच्या पसरलेल्या पायावरून ओलांडून आली आणि त्या जागेवर बसली.